जोत्यापर्यंतचे पैसे

आमच्या घरात दोन कमाया आहेत आणि दोन्ही हंगामी. मी शिवणकाम करते. लग्नसराईत आणि दिवाळीच्या तोंडावर मशीन रात्री उशिरापर्यंत चालते. आखाडात मात्र ती नुसती झाकून ठेवलेली असते. आमचे मालक मजुरीला जातात. हिंगोली जिल्हा हळदीचा. फेब्रुवारीपासून मेपर्यंत हळद काढायची, बॉयलरवर शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, पोती भरून हिंगोलीच्या नाहीतर वसमतच्या मार्केटला पाठवायची. त्या चार महिन्यांत हाताला रोज काम असतं. मग सोयाबीन काढणी येईपर्यंत मिळेल ते, बहुतेक गवंड्याच्या हाताखाली. चांगल्या महिन्यात दोघांचे मिळून 14-15 हजार येतात, वाईट महिन्यात 7 हजारसुद्धा येत नाहीत. शेत नाही. दोन लेकरं शाळेत आहेत आणि सासूबाईंची रक्तदाबाची गोळी चालू आहे. एवढ्यावर आम्ही घर बांधलं. त्याचा हिशेब जसा घडला तसा लिहिते, कारण गावात अजून बऱ्याच जणींच्या दारात तोच हिशेब येऊन उभा आहे.

जुनं घर सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. दगडमातीच्या भिंती, दोन खोल्या, वर पत्रे आणि पत्रे उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेले दगड. आमच्याकडे वैशाखात वावटळ उठते तेव्हा या दगडांवरच घर टिकतं. पण आमचा भाग भूकंपाचाही आहे. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीतून आवाज येतात, हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलो. 21 मार्च 2024 ला सकाळी धक्का बसला, तो 4.5 रिश्टरचा होता. पुन्हा 10 जुलैला सकाळी सातच्या सुमारास तेवढ्याच ताकदीचा दुसरा बसला. त्याचं केंद्र कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याजवळ होतं. फडताळातली भांडी खाली आली, भिंतीतली माती सांडली, कोणाला काही झालं नाही. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनाचं आवाहन आलं होतं, की पत्र्यांवर आधाराला ठेवलेले दगड काढून टाका. सासूबाई म्हणाल्या, "दगड काढले तर पत्रे उडतेत, ठेवले तर डोक्यात पडतेत. आता काय घर डोक्यावर घेऊन बसू?" त्यांना 1993 चं किल्लारी आठवत होतं. तिथंही माणसं मेली ती बहुतेक अशाच दगडमातीच्या घरांखाली.

घरकुलाच्या यादीत आमचं नाव 2018 च्या सर्वेक्षणातलं. गावात तिला 'ड यादी' म्हणतात. पंतप्रधान आवास योजना ग्रामीण 2016 साली सुरू झाली, ती 2011 च्या सामाजिक-आर्थिक व जात जनगणनेच्या यादीवर. त्या यादीतून जे सुटले त्यांच्यासाठी पुढे ही दुसरी यादी झाली. नाव असणं आणि मंजुरी येणं यांत आमची कितीतरी वर्षं गेली. फेब्रुवारी 2025 मध्ये राज्यात एकाच वेळी 20 लाख घरकुलांना मंजुरीपत्रं दिली गेली, त्यांत आमचंही निघालं, आणि तेही माझ्या नावावर. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर करावं, असं योजनेचंच म्हणणं आहे.

पण मंजुरी घराला मिळते, जागेला नाही. जागा आपली आहे हे दाखवावं लागतं. आमची जागा गावठाणातली, त्यामुळे गायरानावर राहणाऱ्यांपेक्षा आमचं बरं होतं. गायरानावरच्या माणसाचं नाव यादीत आलं तरी पाया कुठं खोदायचा हा प्रश्न आधी सुटावा लागतो. ज्यांना जागाच नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय जागा खरेदी योजना आहे. पण गावात विकायला जागा असली पाहिजे आणि ती देणारा कागदावर यायला तयार पाहिजे. आमच्या जागेचा नमुना आठ, म्हणजे ग्रामपंचायतीचा उतारा, सासऱ्यांच्या नावावर होता आणि ते जाऊन बरीच वर्षं झालेली. वारस दोन: आमचे मालक आणि चाकणला कंपनीत असलेले धाकटे भाऊजी.

भाऊजी तिथं एका खोलीचं भाडं भरतात आणि दर अकरा महिन्यांनी ते वाढतं. त्यांनाही गावातली जागा सोडवत नव्हती. वाद झाला असं म्हणणार नाही. फोनवर बोलणं कमी झालं, एवढंच. शेवटी ते पंचमीला आले तेव्हा सासूबाईंसमोर ठरलं. पुढचा अर्धा तुकडा आमचा, मागचा त्यांचा. त्यांचं घर होईपर्यंत दिवाळीला आले की आमच्याच घरात उतरायचं आणि ते पाहुणे म्हणून नाही. मंजुरीच्या आधीच हा विषय मिटला म्हणून पुढं सोपं गेलं. संमतीचा बाँड केला. शंभराचा बाँड 2024 च्या ऑक्टोबरात बंद झाला होता, त्यामुळे तो पाचशेचा लागला. ग्रामपंचायतीत फेर झाला आणि नमुना आठवर नाव चढलं. सगळ्या घरात सगळ्यात स्वस्त खर्च हा आणि त्याच्याशिवाय बाकी काहीच झालं नसतं.

मग मी वहीचं एक पान घेतलं. योजनेचे 1 लाख 20 हजार. घरकुलाच्या कामावर रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी मिळायची. 2025-26 चा दर 312 रुपये रोज, म्हणजे 28 हजारांच्या वर. शौचालयाचे 12 हजार. झाले साधारण 1 लाख 60 हजार. पोस्टात पाच वर्षं महिन्याला 500 भरत आले होते, त्याचे 35 हजार. राज्य सरकारने त्याच वर्षी घरकुलाला आणखी 50 हजार जाहीर केले होते, 35 हजार बांधकामाला आणि 15 हजार छतावरच्या सोलरला. ते मी पानावर धरलेच नाहीत. आमच्या बचत गटाच्या अध्यक्षा म्हणतात, खात्यात पडेल तो पैसा, तोंडी आहे ते वारं. मी तसंच केलं.

दुसऱ्या बाजूला खर्च. मिस्त्री चाचा आमच्या गावचेच. त्यांना मी दोन अंदाज मागितले, स्लॅबचा आणि पत्र्याचा. योजनेत घर कमीत कमी 25 चौरस मीटरचं पाहिजे, म्हणजे 269 चौरस फूट. एवढ्याच घराला स्लॅब टाकला तर साडेतीन लाखांच्या पुढं. लोखंडी अँगलवर नवे पत्रे बोल्टने आवळून घेतले तर अडीच लाखांच्या आत, तेही आम्ही दोघांनी हाताखालचं काम केलं तर.

गावात स्लॅबला मान आहे. सोयरीक जुळवताना मुलीकडचे शेत किती विचारतात आणि लगेच विचारतात, घराला स्लॅब आहे का. आमच्या मालकांच्या मनात स्लॅबच होता. "एकदाच बांधायचं तर नीट बांधू, पुन्हा थोडंच होणार हाय?" हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी त्यांना घेऊन संध्याकाळी गावातून चक्कर मारली. जोत्यावर थांबलेली घरं आमच्या गावात आहेत, कमानीपर्यंत येऊन थांबलेली आहेत. एका घराचे कॉलम उभे आहेत, वर निघालेल्या सळया गंजून तांबड्या झाल्यात, आणि घरचे लोक शेजारच्या झोपडीत राहतात. त्या सगळ्या घरांत एक गोष्ट सारखी होती. आराखडा 500-600 फुटांचा, पैसा 269 फुटांचा. आमचे मालक काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चाचांना म्हणाले, पत्रेच टाका, पण चारी भिंतींवर वरून एक सलग काँक्रीटचा पट्टा घ्या. भूकंपात भिंती एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून असा पट्टा घेतात, हे चाचांनाही पटलं. लोखंडाचा खर्च थोडा वाढला, तो आम्ही वाढू दिला.

आता खरी अडचण. पानावर जमा खर्चाला पुरत नव्हतीच, पण जी होती तीही खर्चाच्या दिवशी हातात येत नव्हती. योजनेचा पहिला हप्ता 15 हजारांचा, तो मंजुरीबरोबर येतो. दुसरा 70 हजारांचा, तो जोतं पूर्ण झाल्यावर, इंजिनिअर साहेबांनी घरापुढं आपल्याला उभं करून मोबाईलवर फोटो मारल्यावर. बाकीचे पुढच्या टप्प्यांवर. म्हणजे जोत्यापर्यंतचं काम 15 हजारांत झालं पाहिजे. आमच्याकडं ते होणं शक्यच नव्हतं, कारण जागा काळ्या मातीची.

काळ्या जमिनीची पिकाला जेवढी माया तेवढा घराला त्रास. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरची भिंत तिच्याबरोबर हलते. जुनी गावं पांढरीवर वसवलेली आहेत ती उगाच नाही. पण गाव वाढत गेलं तसं पांढरी संपली आणि आमची जागा कडेची. चाचा म्हणाले, "ताई, मुरूम लागल्याबिगर म्या दगडाला हात लावत नाही. वरची भिंत पडली तर बांधता येती, खाली फसलं तर काय करता?" मुरूम सहा फुटांवर लागला. खोदाई आम्ही दोघांनी आणि मालकांच्या एका मित्राने केली. जुन्या घराचे दगड पायात गेले, पत्र्यांवरचेसुद्धा. तरी सिमेंट, खडी, मुरमाची भराई, चाचांची मजुरी मिळून जोत्यापर्यंत 60 हजारांच्या वर गेले. त्यातलं निम्मं जमिनीखाली आहे आणि कोणत्याच फोटोत दिसत नाही.

15 हजार आणि 60 हजार, या दोन आकड्यांमधली जी जागा आहे, घरकुलं तिथंच अडकतात. ती भरायला गावात तीन वाटा असतात. पहिली उचलीची. ऊसतोडीचा मुकादम नवरा-बायकोला मिळून एक कोयता धरतो आणि हंगामाआधी उचल देतो. ती पुढं फडात फिटेपर्यंत आपण त्याचे. सासूबाईंनी तरुणपणी ते केलेलं आहे. त्या म्हणाल्या, "पोरी, उचल घ्या की, एका हंगामात फिटती." मग स्वतःच थांबल्या आणि म्हणाल्या, "पण लेकरांची शाळा जाती. ह्याची गेली तशी." 'ह्याची' म्हणजे आमच्या मालकांची. तो विषय तिथंच संपला. दुसरी वाट फायनान्सची. आधारकार्डावर, पाच-दहा बायकांच्या जोडीने, घरी येऊन पैसे देतात आणि दर आठवड्याला हप्ता न्यायला येतात. ज्याची कमाई आठवड्याला ठरलेली नाही त्याने आठवड्याचा हप्ता घेऊ नये, असं माझं मत आहे. गटातल्या दोघींच्या घरी एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याचं कर्ज घेणं चालू होतं, ते मी पाहत होते.

तिसरी वाट गटाची. आमचा गट उमेद अभियानातला, महिन्याला शंभर रुपयांची बचत. अंतर्गत कर्ज शेकडा दोन रुपयांनी देतो आणि ते व्याज गटातच राहतं. मी 40 हजार मागितले. एवढी रक्कम एकीला कधी दिली नव्हती. बैठकीत तासभर चर्चा झाली. एकीने विचारलं, हप्ता लांबला तर फेडशील कशी? मी वहीचं पान दाखवलं. दुसरा हप्ता आल्यावर गटाचं निम्मं आधी, मग विटा. उरलेलं शिलाईतून दरमहा. मशीन माझी आहे, ती कुठं जात नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. कर्ज मिळालं. पोस्टाचे 35 हजार मी मुद्दाम हात न लावता ठेवले, पत्र्यांसाठी. पहिल्याच टप्प्यात सगळी गंगाजळी ओतली असती तर भिंती झाल्या असत्या आणि वर आभाळ राहिलं असतं.

सिमेंट-लोखंडाच्या दुकानात उधारी मिळते, पण उधारीचा भाव वेगळा असतो. तेव्हा रोख 350 ला मिळणारं सिमेंटचं पोतं उधारीत 370 ला होतं. शंभर पोत्यांना त्याचे दोन हजार होतात, आणि दोन हजारांत आमच्या मोरीचं सगळं पाइपकाम झालं. म्हणून गटाचे पैसे हातात आल्यावर सिमेंट रोखीनं घेतलं आणि उधारी फक्त लोखंडाची ठेवली, तीही दुसऱ्या हप्त्यापर्यंतच्या बोलीवर. घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत देण्याचं सरकारचं धोरण आहे, पण ती नदीवरून आणायचं भाडं आपलंच, आणि आम्हाला गरज होती तेव्हा ती हाताशी नव्हती. खडी क्रशरवरची डस्ट काँक्रीटला वापरली. विटा आठ हजार लागल्या, 7 रुपयांना एक.

जुनं घर पाडल्यावर राहायचं कुठं, याचा विचार कोणी आधी करत नाही. आम्ही मागच्या तुकड्यावर, म्हणजे भाऊजींच्या जागेवर, जुन्या पत्र्यांचं छप्पर घातलं. उन्हाळ्यात त्याखाली दुपारी बसवत नव्हतं. मशीन मात्र मी तिथं नेली नाही. शेजारच्या काकूंच्या ओसरीत ठेवली आणि सकाळी चाचांना पाणी-विटा देऊन झालं की दुपारी लग्नाचे ब्लाउज शिवायला बसायची. घर बांधायचं म्हणून ज्यांनी हातचं काम बंद केलं त्यांचं रोजचं खाणं बांधकामाच्या पैशातून जातं. आमच्या घरी ते होऊ द्यायचं नाही, हे आम्ही पहिल्या दिवशी ठरवलं होतं. मालक सकाळी खोदाई-भराई करत आणि नंतर बॉयलरवर जात. रोजगार हमीचं मस्टर निघायचं तेव्हा त्यात आमची नावं पडत. आपल्याच घराच्या कामाची मजुरी आपल्या खात्यात येते, याची सासूबाईंना शेवटपर्यंत गंमत वाटली.

2025 चा मे महिना महाराष्ट्राला आठवत असेल. उन्हाळ्यात पावसाळा आला. वाळायला घातलेली हळद भिजली, बॉयलरचं काम थांबलं, म्हणजे मालकांची मजुरी थांबली. वीटभट्टीवर कच्च्या विटा विरघळल्या आणि पक्क्यांचा भाव चढला. आमच्या भिंती तेव्हा खिडकीच्या वर आल्या होत्या. दुसरा हप्ता नुकताच आला होता आणि ठरल्याप्रमाणे त्यातले 20 हजार गटाला देऊन झाले होते. त्या आठवड्यात मालक म्हणाले, ते पैसे थोडे दिवस थांबवले असते तर बरं झालं असतं. मलाही तसंच वाटलं. पण गटात माझ्यानंतर ज्या बाईचा नंबर होता, तिला त्याच पैशातून बियाणं घ्यायचं होतं. चाचांनी पंधरा दिवसांची मजुरी उभी ठेवली, "घर झाल्यावर द्या" म्हणाले. ती उधारी कोणत्याच योजनेत नाही आणि तिच्यावर व्याजही नव्हतं.

पत्रे चढले ते मृगात. पोस्टाचे पैसे तेव्हा काढले. नव्या पत्र्यांवर एकही दगड नाही. जे-हूक आणि बोल्टवर ते बसलेत. त्या साली ऑगस्ट-सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात आमच्या भागातली किती घरं ओली झाली. आमच्या घरात वाऱ्याच्या बाजूच्या खिडकीतून पाणी आलं, कारण बाहेरचा गिलावा राहिला होता. तो अजूनही राहिला आहे. फरशीही नाही, कोबा आहे. आतून रंग एकाच खोलीला.

लोक विचारतात, 1 लाख 20 हजारांत घर होतं का? होत नाही. आमचं अडीच लाखांच्या थोडं आत झालं आणि त्यात आमच्या दोघांच्या अंगमेहनतीचा बाजारभाव धरलेला नाही. पण रक्कम वाढवून द्या, एवढंच माझं म्हणणं नाही. टप्प्याटप्प्याने पैसे का देतात तेही मला समजतं. एकदम हातात पडले तर दवाखान्यात, लग्नात जातील आणि घर राहून जाईल. गरिबाच्या घरात मोठी रक्कम आली की तिच्यावर हक्क सांगणारी कामं आधीच रांगेत असतात. तरी ज्या टप्प्यावर सगळ्यात जास्त खर्च जमिनीत जातो, त्याच टप्प्यावर सगळ्यात कमी पैसे हातात असतात. काळ्या मातीत ते आणखी जाणवतं. ज्याच्या पाठीशी गट आहे, ओळखीचा गवंडी आहे, भाऊ कागदावर सही करतो, त्याचं घर उभं राहतं. यातलं काही नसलेला माणूस तेवढ्याच पैशात जोत्यापाशी थांबतो आणि लोक म्हणतात, त्याने हप्ता खाल्ला. बरेचदा तो हप्ता खरोखरच मातीने खाल्लेला असतो.

आता यादीतल्या बायका माझ्याकडं येतात. कोणी नकाशा विचारते, कोणी चाचांचा भाव. मी त्यांना आधी एकच विचारते, जोत्यापर्यंतचे पैसे कुठून आणणार? पंधराच्या पुढचे चाळीस-पन्नास हजार ज्या दिवशी नाव, व्याज आणि फेडीच्या तारखेसकट वहीत लिहिता येतील, त्या दिवशी कुदळ मारा, त्याच्या आधी नको. परवा गटाच्या बैठकीत पुढच्या मंजुरीवाल्या तिघींसाठी आम्ही वेगळी रक्कम बाजूला काढायचं ठरवलं: एकीचं जोतं झालं, तिचा दुसरा हप्ता आला, की तेच पैसे दुसरीच्या पायाला. माझे 20 हजारांतले शेवटचे काही हप्ते उरलेत. ते या दिवाळीच्या शिलाईतून फिटले की त्यातूनच तिसरीची खोदाई सुरू होईल. बाहेरचा गिलावा त्याच्यानंतर.